१ जून : एका तारखेचा अल्पाभ्यास

एकाच तारखेला घडलेल्या थोर घटना गोळा करणाऱ्या मंडळींनी १५ ऑगस्टला उगाच डोक्यावर घेतलं आहे. नेपोलियन १७६९ला आणि अरविंद घोष १८७२ला त्या दिवशी जन्मले, हे मान्य. पण १९४७ची तारीख माउंटबॅटन यांनी जपानच्या शरणागतीचा दुसरा वाढदिवस गाठून ठरवली. याला योगायोग म्हणत नाहीत, मुहूर्त म्हणतात. शास्त्राला तो चालत नाही.

प्रस्तुत लेखकाने म्हणून १ जून निवडला. १९२९ साली या दिवशी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ निघाली. त्याच दिवशी, त्याच साली कलकत्त्यात नर्गिस जन्मली. १९३०ला डेक्कन क्वीन कल्याण-पुणे धावू लागली. १९४८ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली. मेरिलिन मन्रोचा जन्मही १ जूनचाच, साल १९२६. केरळात पोचायला मान्सूनलाही हीच तारीख नेमून दिली आहे. तो पाळत नाही, हा भाग वेगळा.

यावर पूर्वपक्ष असा : खोलीत २३ माणसं जमली की त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, तेव्हा यात नवल ते काय? गणित बिनचूक आहे. पण ते मांडणाऱ्यांनी आमच्याकडच्या सरकारी कचेरीत पाऊल टाकलेलं दिसत नाही. तिथे साठीच्या आसपासचे दोघे पुरतात.

उदाहरणार्थ, आमची आजी. पाटण तालुक्यातल्या या बाईने तीन मुलांना बरोबर दोन-दोन वर्षांच्या अंतराने, एकाच तारखेला जन्म दिला. तिघांचेही शाळा सोडल्याचे दाखले लेखकाने तपासले आहेत. तारीख अंकी आणि अक्षरी, दोन्हीकडे १ जून. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. आजीची साक्ष मात्र वेगळी. बाबांविषयी ती म्हणायची, “मोठा भूकंप झाला त्याच्या आठव्या दिवशी. भिंत पडलेली, बारसं मांडवात केलं.” कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. म्हणजे बाबा १९ डिसेंबरचे, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे.

आता गुरुजींची बाजू. १९७३चा जून. समोर पोरगं, हातात जन्माचा दाखला नाही. त्यांनी त्याला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगितलं. हात कानाला लागला, पण सहा वर्षं भरत नव्हती. गुरुजींनी जनरल रजिस्टर उघडलं, ती भरवली आणि दौतीला झाकण लावलं. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेबाला १ तारीख सोयीची. संशोधनाला याहून खोल कारण सापडलेलं नाही.

या सोयीचं बिल कागदोपत्री ५८ वर्षं भरताना आलं. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी कचेरीत नारळ कमी पडतात आणि निरोपाची भाषणं एकत्र उरकतात. बाबाही त्याच गर्दीत शाल पांघरून घरी आले. आजीचा हिशेब धरला असता तर ३१ डिसेंबरपर्यंत टिकले असते. सात महिन्यांचा पगार गेला, तोही कान हाताला लागल्याबद्दल!

क्षेत्रीय अभ्यासाचा भाग म्हणून यंदा १ जूनला त्यांना सकाळी पुणे स्टेशनवर नेलं. डेक्कन क्वीनच्या इंजिनाला हार होते, बँड वाजत होता, नेहमीचे पासवाले केक कापत होते. एकाने बाबांच्या हातावरही तुकडा ठेवला. बाबांनी तो खाल्ला, बोटं रुमालाला पुसली आणि इंजिनाकडे बघत विचारलं, “हिची तरी खरी आहे ना रे?”