पंच दोन लागतात

चैत्रातल्या सकाळी रत्नागिरीच्या भाट्ये पुलावर दुर्बीण लावून उभे असलेले निवृत्त गृहस्थ तुम्ही पाहिलेच असतील. आमचे अण्णा त्यांतलेच. फरक इतकाच, की त्यांची हयात तलाठ्याच्या दप्तरात गेली. त्यामुळे इतरांना पक्षी दिसतो, अण्णा त्याचा पंचनामा करतात.

परवा ओहोटी साधून त्यांनी मला काजळी नदीच्या काठी चिखलात उतरवलं. समोर एक तुतवार शेपूट नाचवत किडे टिपत होता. मी नुसतं "वा!" म्हटलं. अण्णांनी वही उघडली.

"चतुःसीमा सांगा."

पूर्वेस खारफुटी, पश्चिमेस पूल, दक्षिणेस मोडकी होडी, उत्तरेस मी. हल्ली मुक्काम भाट्ये खाडी, कायमचा पत्ता हिमालय. मग वही माझ्या नाकासमोर आली. "पंच म्हणून सही करा."

पुढे कुरवांचा थवा. हिवाळाभर पांढरं असलेलं त्यांचं डोकं या दिवसांत काळपट तपकिरी होतं आणि मग ते उत्तरेला निघतात. अण्णांची नोंद: 'सदर इसम वेषांतर करून फरार होण्याच्या बेतात.' सही.

ढोकरीने मात्र मला गोत्यात आणलं.

"रंग?"

"मातकट."

तेवढ्यात ती उडाली. पंख पांढरेशुभ्र!

"पांढरा," मी म्हणालो.

"जबाब फिरवू नका!"

पलीकडे दुसरी बसली, तर विणीच्या हंगामामुळे तिची पाठ किरमिजी. मी गप्पच राहिलो. 'पंच गोंधळलेले दिसले,' असं लिहून त्याखालीही माझीच सही घेतलीन्. घरी हापूसच्या रसात धागा निघाला, तर हा माणूस वहिनींना पंच करतो. बाहेरच्यांनी काय अपेक्षा ठेवावी?

परतताना खारफुटीच्या कडेला कोणीतरी टाकलेला डबराचा ढीग लागला. अण्णांनी त्याचीही लांबी-रुंदी पावलांनी मोजली. मी वैतागलो होतो. "अण्णा, पाखरं बघायला सह्या कशाला हो?"

"माझ्या सजात अशीच खाजणं होती," ते म्हणाले. "दप्तरात त्यांच्यापुढे काय लिहिलेलं असे, ठाऊक आहे? पोटखराब. म्हणजे पिकाच्या उपयोगाची नाही. मीच लिहीत आलो, दरसाल, सुवाच्य अक्षरात. चिखलात पाय घालून कधी बघितलं नाही. उद्या हा डबर इथवर आला, की कोणीतरी विचारणारच, इथे होतं काय?"

वहीची मागची पानं वाऱ्याने उलटली. प्रत्येक पानावर तारीख, भरती-ओहोटीची वेळ, पक्षी आणि खाली वेगवेगळ्या हातांच्या सह्या. काही अंगठेसुद्धा. मला एकदम त्यांच्याशी हुज्जत घालावीशी वाटेना. हवी तिथे सही केली.

"पंच दोन लागतात," म्हणत अण्णांनी कमरेभर पाण्यात पाग फेकणाऱ्या माणसाला हाक मारली.

"अवो अण्णा, कालच केली की!"

"ती कालच्या पाखरांची. आजची वेगळी. ये बाहेर!"