शिफ्ट : अर्थ आणि उपयोग

'शिफ्ट' हे इंग्रजी क्रियापद. मूळ अर्थ, जागचे हलणे किंवा हलवणे. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात ते एकटे कधीच येत नाही, 'होणे' किंवा 'करणे' बरोबर घेऊनच येते. 'शिफ्ट झाले' म्हटले की मंडळी आपल्या मर्जीने गेली असे समजावे. 'शिफ्ट केले' म्हटले की म्हाडाने, बिल्डरने किंवा डॉक्टरने हलवले. 'शिफ्ट होणार' हे रूप दिसायला भविष्यकाळाचे, पण पुनर्विकासाच्या सभांना वीस-वीस वर्षे हजेरी लावलेल्या चाळींत ते रीती वर्तमानकाळात चालते. सरकारी नोकर शिफ्ट होत नाही, त्याची बदली होते. शिफ्ट होते ते त्याचे सामान.

नाम म्हणून 'शिफ्ट' स्त्रीलिंगी आहे आणि हे लिंग तिला गिरणीतल्या 'पाळी'कडून मिळालेले दिसते. कावसजी दावरांनी 1854 साली ताडदेवच्या सूतगिरणीचा घाट घातला. पुढे परळ-लालबाग गिरण्यांनी भरले आणि गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या. सकाळी 7 ला पहिली, दुपारी साडेतीनला दुसरी, रात्री 12 ला तिसरी. भोंगा गिरणीचा असला तरी त्यावर आख्खी चाळ चाले. एका गाळ्यात दहा-पंधरा माणसे मावत, कारण ती सगळी एका वेळी घरात नसत. पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच्या वळकटीवर रातपाळीवाला आडवा होई. जागेच्या टंचाईवर याहून स्वस्त तोडगा अजून कोणत्याही आर्किटेक्टला सुचलेला नाही. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि हळूहळू भोंगे बंद पडले. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात ऑफिसे आली. तिथे आता नातू 'नाइट शिफ्ट' करतो. आजोबा रातपाळीला डबा घेऊन चालत जात, नातवाला न्यायला गाडी येते. जागरण तेच आहे.

घराच्या संदर्भात 'शिफ्ट' येण्यापूर्वी मराठी माणूस बिऱ्हाड हलवत असे. बिऱ्हाड या शब्दातच ते विंचवाच्या पाठीवर असल्याची सूचना होती, त्यामुळे हलण्याचे फारसे दुःख नसे. शिफ्टिंगला टेम्पो लागतो. टेम्पो चाळीच्या तोंडाशी उभा राहतो आणि अडचण लाकडी जिन्यावर सुरू होते. गोदरेजचे लोखंडी कपाट वर कसे चढले हे सांगणारा माणूस हयात नसतो आणि ते उतरवण्याबाबत मजल्यावरच्या प्रत्येकाचे मत असते. शेवटी गॅलरीचा कठडा काढून, दोर बांधून कपाट खाली सोडतात. त्या कपाटाला मात्र हे नवे नसावे. गोदरेज कंपनीच 1897 साली लालबागेत सुरू झाली आणि पुढे विक्रोळीला शिफ्ट झाली.

'तात्पुरते शिफ्ट' हा स्वतंत्र वाक्प्रचार मानावा. जुनी इमारत धोकादायक ठरली की रहिवाशांना म्हाडाच्या संक्रमण शिबिरात नेतात. त्यांतली काही शिबिरे शीवच्या प्रतीक्षानगरात आहेत. सरकारी नामकरणात इतका प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो. उलट बाजूचे उदाहरण बीडीडी चाळींचे. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये शिफ्ट झाल्यावर पहिली तक्रार येते ती शेजाऱ्यांचा आवाज येत नाही ही.

परळला के.ई.एम. आणि टाटा असल्याने रुग्णालयीन अर्थही नित्याच्या वापरातला. 'आयसीयूत शिफ्ट केलं' या वाक्यानंतर फोनवर कोणी काही बोलत नाही. 'जनरलमध्ये शिफ्ट केलं' म्हटले की सगळे एकदम बोलतात आणि डबा कोणी न्यायचा यावर वाद सुरू होतो.

शेवटचा अर्थ कळफलकावरचा. इनस्क्रिप्ट पद्धतीत 'क'च्या कळीवर शिफ्ट दाबली की 'ख', 'ग'च्या कळीवर 'घ', 'ल'च्या कळीवर 'ळ'. म्हणजे 'घर' लिहायला एकदा शिफ्ट लागते आणि 'चाळ' लिहायलाही. 'गिरगाव', 'दादर' आणि 'लालबाग' मात्र शिफ्टशिवाय लिहिता येतात. 'परळ'ला एकदा, 'ठाणे' आणि 'भाईंदर' यांना दोन-दोनदा दाबावी लागते. 'डोंबिवली'ला एकदाही लागत नाही. ज्यांचा टेम्पो तिथे गेला, त्यांना हे पटवणे अवघड आहे.