हवा कुठून घ्यावी

इंजिन पेट्रोलवर चालते, हा समज पैसे पंपावर मोजावे लागत असल्यामुळे रूढ झाला आहे. प्रत्यक्षात ते बरेचसे हवेवर चालते. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. लिटरमागे हिशेब केला तर एका लिटर पेट्रोलला नऊ हजार लिटरच्या आसपास. ही हवा ज्या वाटेने आत जाते ती वाट म्हणजे इनटेक: बंपरच्या मागे कुठेतरी हवा घेणारे तोंड, फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा, त्यात घड्यांचा कागदी फिल्टर, आलेली हवा मोजणारा सेन्सर आणि थ्रॉटलपर्यंत जाणारी नळी. हे सगळे कंपनी गाडीबरोबर देते. त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत, आणि नेमके तेच गिऱ्हाइकाला खटकते.

मराठीत हवा दोन प्रकारची असते. एक इंजिनाची, दुसरी मालकाची. पहिली किलोत मोजतात. दुसरी मोजायला नगरच्या सावेडीतल्या प्रोफेसर कॉलनी चौकात लाल सिग्नल लागावा लागतो. इनटेक निवडताना आपल्याला यांपैकी कोणती हवी आहे, हे आधी ठरवलेले बरे. दुकानदाराने ते गिऱ्हाईक आत येतानाच ठरवलेले असते.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिल्यात मूळ डबा तसाच राहतो, फक्त आतला कागदी फिल्टर जाऊन तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर येतो. हा कोणालाही दिसत नाही, म्हणून फारसा खपत नाही. दुसरा शॉर्ट रॅम: डबा काढून टाकायचा आणि आखूड नळीच्या टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर लावायचा. तिसरा कोल्ड एअर इनटेक. यात नळी लांब असते आणि फिल्टर बोनेटखालच्या उष्णतेपासून दूर, बंपरच्या पोटात किंवा चाकाच्या कमानीमागे खाली नेऊन बसवतात. नळी लाल किंवा निळी असते. रंगाने ताकदीत फरक पडत नाही, किमतीत पडतो.

थंड हवेमागचे शास्त्र खरे आहे. थंड हवा दाट असते. तपमान तीन अंशांनी उतरले की घनता साधारण एक टक्क्याने वाढते आणि तेवढा जास्त प्राणवायू सिलिंडरमध्ये जातो. थंड हवेचा सोस नगरला नवाही नाही. निजामशाहीत फराहबागेचा महाल तळ्याच्या मधोमध उभारला तो काही पोहण्यासाठी नव्हे. पाण्यावरून येणारा वारा दालनांत खेळत असे. मात्र त्या कोल्ड एअर इनटेकला सभोवती अख्खे तळे होते. शॉर्ट रॅमच्या सभोवती तापलेले इंजिन असते. मे महिन्यात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो, बोनेटखाली तर भट्टीच, आणि सिग्नलला उभी असलेली गाडी ती भट्टीच ओढत राहते. कंपनीचा कुरूप डबा हवा बंपरकडून, बाहेरून घेत असतो. म्हणजे पुष्कळ गाड्यांत मूळ डबा हाच कोल्ड एअर इनटेक असतो. तो काढून त्याच्या जागी गरम हवेचा इनटेक बसवायला पैसे पडतात, फिटिंग वेगळे.

उंचीचाही एक हिशेब आहे. नगर शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ. टर्बो असलेली गाडी ही तूट बरीचशी भरून काढते. टर्बो नसलेल्या चारशे अश्वशक्तीच्या गाडीतले पंचवीसेक घोडे मात्र माळशेज घाट चढून येईपर्यंत वाटेत उतरलेले असतात. नवा इनटेक त्यांतले दोन-चार परत आणतो, तेही इंजिन पूर्ण फिरत असताना. तसे फिरवण्याची जागा जिल्ह्यात समृद्धी महामार्ग हीच. तो कोपरगाव-शिर्डीकडून जातो, आणि तिथेही ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे.

आता धूळ. खरे म्हणजे सुरुवात इथूनच व्हायला हवी होती, पण जाहिरात धुळीपासून सुरू होत नाही. जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत आहे. बाजूपट्ट्या मुरमाच्या, रस्त्यांची कामे बारमाही, आणि पुढे ट्रक असला की फुफाटा घेऊनच चालावे लागते. हंगामात त्यात साखर कारखान्यांची काजळी आणि पेटवलेल्या पाचटाची राख येते. धुळीतले सिलिकाचे कण लोखंडाहून कठीण असतात. ते आत गेले की सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा घासतात; इंजिन तेल खाऊ लागते आणि मागून निळा धूर येतो. दाट विणीचा कागदी फिल्टर ही धूळ चांगली अडवतो, आणि त्याच्यावर थोडी धूळ बसली की आणखीच चांगली. ‘जास्त हवा सोडतो’ अशी ज्या फिल्टरची ख्याती असते, तो पुष्कळदा आणखीही काही सोडतो. शनिशिंगणापुरात घरांना दारे नसतात, पण तिथे राखण करायला शनिदेव आहेत. उघड्या फिल्टरच्या गाडीला तशी सोय नाही.

धुळीच्या बाबतीत नगरइतके जाणकार शहर महाराष्ट्रात दुसरे नसावे. लष्कराचे रणगाडा प्रशिक्षण केंद्र इथे आहे आणि के. के. रेंजवर रणगाडे धुळीचे लोट उठवत फिरतात. टी-७२ रणगाड्यात हवा आधी चक्राकार फिरवून तिच्यातली जड धूळ बाहेर टाकतात, मग तिला गाळणीतून जाऊ देतात. रणगाड्याचा फिल्टर आवाज छान यावा म्हणून काढून टाकल्याचे उदाहरण नाही.

त्याहून जवळचा नमुना उसाच्या ट्रॅक्टरचा. जुन्या ट्रॅक्टरचे हवा घेणारे तोंड बोनेटच्या वर, धुरळ्यापासून उंचावर असते. त्यावर टोपी असते आणि टोपीत धूळ वेगळी काढणारी चक्री. टोपीला पारदर्शक भांडे असले, तर किती माती जमली हे सीटवरूनच दिसते. खाली तेलाचा बाऊल: उरलेली धूळ त्या तेलात बसते, तेल गढूळ झाले की ओतून द्यायचे आणि नवे भरायचे. उंच, थंड, गाळलेली आणि पाण्यापासून दूर अशी हवा घेणारा इनटेक पाहायचा असेल तर लोणी-प्रवरानगरच्या रस्त्याला दोन ट्रॉल्या ओढत चाललेल्या ट्रॅक्टरमागे अडकावे लागते. स्पोर्ट्स कार तिथे अडकतेच. निरीक्षणाला वेळही भरपूर मिळतो.

तेल लावलेल्या फिल्टरची निगा हा वेगळा अध्याय. त्याला त्याच्याच द्रवाने धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि मोजके तेल लावायचे, अशी रीत आहे. प्रत्यक्षात तो निरम्यात भिजतो, कंप्रेसरच्या हवेने फटकारला जातो आणि हाताशी असलेल्या इंजिन ऑइलने सढळपणे न्हाऊ घातला जातो. जादा तेल हवेबरोबर पुढे जाऊन सेन्सरच्या तारेवर बसते. ही तार तापलेली असते. वाहती हवा तिला किती थंड करते यावरून संगणक हवा मोजतो. तिच्यावर चिकटा बसला की मोजमाप चुकते, पिकअप जातो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मग दिवा घालवणारा माणूस शोधावा लागतो. तो तारेऐवजी दिव्यावर इलाज करतो.

पाण्याच्या बाबतीत एकाच जिल्ह्यात दोन देश आहेत. पूर्वेकडे टँकरची वाट पाहतात, पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटघर-भंडारदऱ्यात ढग रस्त्यावर उतरतात, आणि पावसाळी सहलीला सगळ्या गाड्या तिकडेच जातात. कोल्ड एअर इनटेकचा फिल्टर नेमका खाली, डबक्याच्या पातळीला असतो. शहरातही सीनेला पूर आला की कल्याण रस्त्यावर पाणी येते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेले तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर विमा कंपनी हळहळ व्यक्त करते.

कायद्याचे कलम थोडक्यात असे: मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नवे वाहन बाजारात येण्याआधी ते तपासण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांतली व्हीआरडीई नगरलाच आहे. तिच्या पत्त्यात वाहननगर असे नाव आहे. तिथे गाडी यंत्रांवर तपासतात. सावेडीत ती कानावर तपासतात.

शेवटी खरा मुद्दा तोच, आवाजाचा. कंपनीच्या डब्यात आणि नळीवर पोकळ कप्पे असतात. हवेच्या ओढीचा घुमणारा आवाज ते गिळतात. डबा काढला की तो आवाज मोकळा होतो. टर्बोच्या गाडीत पाय उचलताच कुकरची शिटी पडण्याआधीची वाफ सुटावी तसा ‘स्स्स’ ऐकू येतो. गाडी तेवढीच पळत असते, पण मालकाला ती जास्त पळाल्यासारखी वाटते, आणि त्याने दिलेले पैसे याच वाटण्याचे असतात. ज्या शहरात ५० सीसीची लुना तयार होत होती, त्याला आवाज आणि वेग यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नसावी.

काढलेला मूळ डबा फेकू नये. तो जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी ठेवण्याची पद्धत आहे. दोन-तीन वर्षांनी गाडी विकायची ठरते तेव्हा तो खाली येतो, ओल्या फडक्याने पुसला जातो आणि अर्ध्या तासात जागेवर बसतो. जाहिरातीत ‘पूर्ण कंपनी फिटिंग’ असे लिहिता येते. गिऱ्हाईक बोनेट उघडून डब्याचे क्लिप काढते. आतला कागद पांढराशुभ्र असतो, आणि गाडी किती जपून वापरली आहे याचा पुरावा म्हणून मालक तोच दाखवतो.