उधारीचे विश्वगुरू

पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल डिसेंबर 2023 मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात झाला होता. उत्तर सोपं आहे. आधी पदरमोड करून दिवे लावायचे, मग तेलाची पावती जोडून तीन प्रतींत प्रतिपूर्तीचा अर्ज करायचा.

समजा, पुण्यातल्या एका मुलीचा शोधनिबंध व्हिएन्नाच्या परिषदेत स्वीकारला गेला. गाईड खूश. विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. मग ती भाबडेपणाने विचारते, ‘‘सर, खर्चाचं काय?’’ आणि ग्रुप म्यूट होतो.

अनुदान नाही असं मुळीच नाही हं. केंद्राची आंतरराष्ट्रीय प्रवास योजना आहे, सीएसआयआरचं अनुदान आहे, संगणकशास्त्रवाल्यांना एसीएम इंडिया आणि आयएआरसीएसचा हात आहे. केंद्राच्या योजनेत इकॉनॉमीचं तिकीट बसतं, व्हिसाचं शुल्क बसतं, तरुण संशोधकांचं नोंदणी शुल्कही बसतं. सरकारी पैशाची रीत मात्र ठरलेली: आधी तुम्ही खर्च करा, परत या, मग बघू.

आता हिशेब मांडू. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, महिना 37,000 रुपये, तीही 1 जानेवारी 2023 पासून. त्यात खोली, मेस आणि घरी पाठवायचे पैसे. आणि ही रक्कम दर महिन्याला येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधकांना विचारावं. फेलोशिपसाठी आंदोलनाला बसण्याचा त्यांचा अभ्यास पीएचडीच्या तोडीचा आहे.

शेंगेन व्हिसाचं शुल्क 90 युरो. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. 30,000 युरोंचं संरक्षण देणारा विमा हवा. शिवाय बँकेचं स्टेटमेंट. त्यात दिसतं काय? कित्येक महिने खडखडाट, मग एके दिवशी सगळी थकबाकी एकदम. व्हिसा अधिकाऱ्याला हा हवालाचा प्रकार वाटला तर त्या बिचाऱ्याचा काय दोष?

नाही गेलं तर? लेखकांपैकी एकाने तरी नोंदणी केली नाही, तर अनेक परिषदा निबंधच काढून टाकतात. म्हणून मुलगी उसनवारी करून जाते. परत येते ती अकाउंट्स सेक्शनच्या दारात. बोर्डिंग पास कुठाय? मोबाइलमध्ये? मोबाइल फाइलला कसा लावणार?

गंमत अशी, की त्याच टेबलामागच्या साहेबांना दौऱ्यावर निघण्याआधी प्रवासाचा अग्रिम मिळू शकतो. पगारदाराला आधी पैसे, बिनपगारीला नंतर. निवड समितीवर मोठमोठे तज्ज्ञ असतात, पण खरी निवड करतं ते वडिलांचं क्रेडिट कार्ड. ज्याच्या घरी दीड-दोन लाख फिरवायची सोय आहे, तो व्हिएन्नाला. नसेल त्याने यूट्यूबवर भाषणं ऐकावीत.

संशोधक असे अडले, तेव्हा बाहेरच्यांनी काय केलं? कॅनडात भरलेल्या एआयच्या परिषदांना येणाऱ्या आफ्रिकी संशोधकांचे व्हिसे नाकारले गेले, तेव्हा याच क्षेत्रातल्या आयसीएलआरने 2020 ची आपली परिषद इथिओपियात ठरवली. कोविडमुळे ती ऑनलाइन झाली, तर 2023 ला रवांडात किगालीला भरवली. त्यांनी अख्खी परिषद दुसऱ्या खंडात हलवली. आपल्याकडे फाइल दुसऱ्या टेबलावर हलत नाही.

पैशांची वाण आहे म्हणावं, तर संशोधनाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची घोषणाच मुळी पाच वर्षांत 50,000 कोटींची. त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा होता. म्हणजे अनुदान देणारेही अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून!

उपाय एका ओळीचा आहे. स्वीकृतीपत्र आणि मंजुरी हातात आली, की तिकीट काढण्याआधी ऐंशी टक्के रक्कम खात्यात जमा करा. उरलेली हिशेब आल्यावर द्या. अग्रिमाचा नियम सरकारला नवा नाही, फक्त तो विद्यार्थ्यांना लावायचा आहे.

पैसे घेऊन पोरगी पळून जाईल अशी भीती वाटते? मग तारण म्हणून तिची थकलेली फेलोशिप तुमच्याकडेच आहे की!