चहापाशी फुटणारी वाचा

गेल्या रविवारी एका कार्यक्रमाच्या शेवटी सूत्रसंचालिकेनं विचारलं, "कुणाला काही विचारायचंय का?" सभागृहात दीडशे माणसं. निम्म्याहून जास्त स्वतःचा व्यवसाय करणारी. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, विमा एजंट, क्लासवाले, माझ्यासारखे सीए. एकही हात वर झाला नाही. माइक घेऊन उभा असलेला मुलगा खुर्च्यांच्या रांगांमधून एक फेरी मारून परत गेला. आभारप्रदर्शन झालं आणि मंडळी बाहेर चहापाशी आली. तिथं मात्र प्रश्नच प्रश्न, तेही अगदी नेमके. फक्त वक्ता तोवर गाडीत बसून निघून गेला होता.

तिथंच एका मुलीनं मला गाठलं. वय अठ्ठावीस, आर्किटेक्ट, दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलेलं. "काका, ओळखी कशा वाढवायच्या?" म्हणत तिनं पर्समधून कार्ड काढून दिलं. पाचशे छापली होती, साडेतीनशे वाटून झाली. फोन किती आले, मी विचारलं. "तीन. काम एकाचंही नाही."

"मग आत हात का नाही वर केलास? दीडशे माणसांनी तुझं नाव ऐकलं असतं."

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, माझं मराठी थोडं इंदुरी आहे ना."

आठवडाभर हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाहीये.

इंदूरच्या मराठी माणसाला तोंड उघडायची भीती दोन्ही बाजूंनी आहे. मराठी मंडळींत बोलायला उभं राहावं, तर पुण्याहून आलेलं कुणीतरी आपल्या 'जाऊन राहिलो'ला हसेल. हिंदी व्यापाऱ्यांसमोर उभं राहावं, तर लिंग चुकेल. आत्मा आपल्याकडे 'तो', हिंदीत स्त्रीलिंगी. व्यक्ती आपल्याकडे 'ती', हिंदीत पुल्लिंगी. पुस्तकाला आपण नपुंसकलिंगी मानतो, आणि हिंदीत नपुंसकलिंगच नाही. मग घरात दोन्ही भाषा फर्ड्या बोलणारा माणूस सभेत दोन्ही भाषांत मुका होतो.

हे मुकेपण नोकरदाराला परवडतं. त्याचा पगार एक तारखेला येतो, तो बोलो न बोलो. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला ते परवडत नाही. त्याचं दुकान म्हणजे तो स्वतः. त्यातही सीए, वकील, डॉक्टर आणि आर्किटेक्ट या चौघांना तर आपल्या सेवेची मोकळेपणी जाहिरात करायला व्यवसायाचे नियमच आड येतात. आमच्या सीएंच्या १९४९ च्या कायद्यात तर पत्रक वाटून किंवा भेटीगाठी घेऊन काम मागणं हेही गैरवर्तन धरलंय, आणि काम आणून देणाऱ्याला फीमधला वाटा देणं हेही. मला हे नियम योग्य वाटतात. पण मग ग्राहकाला आपण कळणार कसे? एकतर आपलं काम बघून, नाहीतर आपलं बोलणं ऐकून. तिसरा रस्ता नाही. आणि नव्या माणसाचं काम बघायला अजून कुणाकडे नसतंच.

ऐकण्यात आपण कुठं कमी नाही. मराठी नाटकं भरवणाऱ्या 'सानंद' संस्थेच्या रसिकांचे पाच गट आहेत: मामा मुजुमदार, रामुभैया दाते, राहुल बारपुते, वसंत आणि बहार. म्हणजे एका नाटकाचे एकाच शहरात पाच प्रयोग. महाराष्ट्राबाहेर हे आणखी कुठं चालत असेल, तर मला ते शहर बघायला आवडेल. अभ्यास मंडळाची उन्हाळी व्याख्यानमाला साठ वर्षांहून अधिक काळ या शहराचे कान तयार करतेय. असा श्रोतृवर्ग मिळणं कुठल्याही वक्त्याचं भाग्य. माझी तक्रार एवढीच की आपण त्या खुर्चीतून उठत नाही.

आणि भाषेचं कारण तर मला मुळीच मान्य नाही. ज्या राहुल बारपुत्यांच्या नावानं एक गट आहे, त्या मराठी माणसानं 'नई दुनिया' हे हिंदी दैनिक दीर्घकाळ संपादित केलं. राजकीय मतं बाजूला ठेवून सुमित्राताई महाजनांकडे बघा. चिपळूणची मुलगी लग्न होऊन इंदुरात आली, प्रवचनं करता करता बोलती झाली. १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेवर गेली आणि २०१४ ते २०१९ त्या सभागृहाची अध्यक्ष होती. त्यांच्या हिंदीतलं मराठी कुणाच्या कानाला लागलं नसेल? त्यानं कुठं काय अडलं?

याहून मोठं उदाहरणही याच शहरातलं आहे. १९१८ साली इंदुरात हिंदी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते गांधीजी, मातृभाषा गुजराती. हिंदीच्या पंडितांसमोर ते अध्यक्ष म्हणून उभे राहिले. हाच माणूस १८९१ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला, तेव्हा काय होता? मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात मामीबाई नावाच्या बाईंचा खटला, फी तीस रुपये. दलालाला कमिशन द्यावं लागेल असं सांगण्यात आलं, ते त्यांनी दिलं नाही. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले आणि डोकं गरगरलं. एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत घ्या आणि पटेल नावाच्या वकिलांना खटला द्या, असं सांगितलं. पटेलांनी एक्कावन्न रुपये घेतले. खटला जिंकला की हरला हेही न बघता गांधी कोर्टातून निघून गेले.

दोनेक वर्षांनी, १८९३ मध्ये, प्रिटोरियात भारतीय व्यापाऱ्यांसमोर ते बोलले. विषय होता व्यापारातला खरेपणा. हे आपलं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणता येईल, असं त्यांनीच नोंदवलंय. मला यातलं मोठं वाटतं ते वेगळंच. मामीबाईंचा खटला आपल्याला ठाऊक का आहे? गांधींनी स्वतः आत्मचरित्रात लिहिला म्हणून. लपवला असता तर कोण विचारायला जाणार होतं?

आता माझी चूक सांगतो. ती आधी सांगितल्याशिवाय त्या मुलीला सल्ला द्यायचा मला अधिकार नाही.

२०१९ मधली गोष्ट. जीएसटी येऊन दोन वर्षं झाली होती. माझे एक ग्राहक सियागंजातल्या एका दुकानाला माल देत. ते दुकान दोघा भावांतल्या मोठ्याचं. दोघे भाऊ वेगळे झालेले, पण दोघांनीही फर्मच्या नावात आजोबांचं नाव ठेवलेलं. शेवटचा शब्द काय तो वेगळा. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २३. पुढची दहा अक्षरं पॅनची. दोघांचे पॅन अर्थातच वेगळे. पण माझ्या ऑफिसात यादीतून नाव निवडलं गेलं, क्रमांक कुणी ताडला नाही. रिटर्नवर शेवटची नजर माझी होती, आणि मीही नावच वाचलं. तीन महिन्यांची बिलं धाकट्या भावाच्या खात्यात गेली. मोठ्या भावाला खरेदीवरच्या कराचं एक लाख चौऱ्याऐंशी हजारांचं क्रेडिट दिसेना. त्यानं माझ्या ग्राहकाचं पेमेंट थांबवलं. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, आणि आता एकाचं क्रेडिट दुसऱ्याच्या घरात जाऊन बसलेलं.

दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. कुणाच्या लक्षात न येता दुरुस्त करता येईल का, तेवढंच शोधत बसलो. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते, चुकीपेक्षा जास्त. तिसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकाच्या गादीवर जाऊन बसलो आणि सांगितलं, चूक माझ्या ऑफिसची आहे, तुमची नाही. शेठजींनी वही मिटली. "कितने का है?" मी आकडा सांगितला. "सुधरेगा?" म्हटलं, "सुधरेगा, अगले रिटर्न में." "तो बड़े भाई को लिख के दे दो." मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं, सही केली, मोठ्या भावाच्या दुकानात स्वतः नेऊन दिलं. पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये बिलं दुरुस्त झाली, पेमेंट सुटलं. त्या दिवसापासून माझ्या ऑफिसात बिल चढवताना आधी क्रमांक मोठ्यानं वाचला जातो, मग नाव.

काही महिन्यांनी व्यापारी मंडळींच्या एका बैठकीत मला जीएसटीवर वीस मिनिटं बोलायला सांगितलं. मी चाळीस स्लाइड नेल्या होत्या. सहाव्या स्लाइडला अर्धे लोक मोबाइलमध्ये होते. मी लॅपटॉप मिटला आणि ही गोष्ट सांगितली, कुणाचंही नाव न घेता. ग्राहकाचं गुपित ग्राहकाचंच असतं, आपण सांगायची ती फक्त आपली चूक. मोबाइल खिशात गेले. बोलणं संपल्यावर अकरा जण रांगेत उभे राहिले, प्रत्येकाला आपल्या खरेदीदारांचे क्रमांक तपासून हवे होते. त्यातले चौघे आजही माझ्याकडे आहेत. मी त्यांच्याकडे काम मागितलं नव्हतं. चुकल्यावर हा माणूस पळत नाही, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

मी काही जन्मजात वक्ता नाही. बोलायला शिकलो ते टोस्टमास्टर्समध्ये. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथं सुरू केलेली ही पद्धत आता इंदुरातही चालते. तिथलं भाषण पाच ते सात मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. एक जण तुमच्या 'अं' आणि 'म्हणजे' मोजत बसलेला असतो. माझ्या पहिल्या भाषणानंतर त्यानं उभं राहून वाचलं: "मतलब, इक्कीस बार." त्या रात्री जेवण गेलं नाही. आठ महिन्यांनी आकडा चारवर आला. कुणी मोजला नसता, तर आला नसता. दुसरा एक जण भाषणात काय चांगलं होतं आणि काय सुधारायला हवं ते तोंडावर सांगतो, आणि ऐकणारा 'धन्यवाद' म्हणून खाली बसतो. आपल्याकडे ही सवयच नाही. आपण तोंडावर "छान झालं हं" म्हणतो आणि घरी जाताना स्कूटरवर खरं बोलतो.

आठवड्याला भेटून एकमेकांना कामं मिळवून देणारे गटही आता सगळीकडे आहेत. अमेरिकेतून आलेलं बीएनआय आहे, महाराष्ट्रात माधवराव भिड्यांनी मराठी उद्योजकांसाठी उभा केलेला सॅटर्डे क्लब आहे. ज्यांच्या व्यवसायाला चालतं त्यांनी जरूर जावं. पण तिथंही मिनिटभराच्या ओळखीत प्रत्येक जण आपलं उत्तम तेवढंच सांगतो. साठ सेकंदांत साठ माणसं उत्तम असतात, आणि संध्याकाळी त्यातलं एकही नाव आठवत नाही.

आपल्या मंडळांचंही तेच. पुरस्कार मिळाला की शाल, श्रीफळ, फोटो. त्यात गैर काहीच नाही, कौतुक व्हायलाच हवं. पण पंचवीस वर्षं व्यवसाय केलेला ज्येष्ठ माणूस तरुणांसमोर उभा राहून "मी इथं फसलो" असं म्हणताना मी या शहरात एकदाही ऐकलेला नाही. मग प्रत्येक नवा मुलगा तीच चूक स्वतःच्या खर्चानं पुन्हा करतो. ज्येष्ठांना माझं सरळ सांगणं आहे: तुमचे सत्कार त्यांच्या उपयोगाचे नाहीत, तुमच्या चुका आहेत.

त्या मुलीला मी म्हटलं, उरलेली दीडशे कार्डं तशीच ठेव. तुझ्या पहिल्या कामात काय चुकलं ते सांग. ती लगेच बोलू लागली. जिना आखताना खालच्या फरशीची जाडी धरायची राहून गेली होती. फरशी बसल्यावर पहिली पायरी दोन इंच बुटकी झाली. घरातल्या आजी तिथं दोनदा अडखळल्या. हिनं स्वतःच्या फीमधून पैसे घालून जिना नीट करून दिला आणि आता प्रत्येक नकाशावर सगळ्यात आधी फरशीची जाडी लिहिते. तीन मिनिटं बोलली, एकदाही अडली नाही. चहापाशी उभे असलेले दोघे तिचं ऐकायला जवळ सरकले. त्यातल्या एकानं नंतर तिचं कार्ड मागून घेतलं. त्याला घर बांधायचं होतं.

माझ्या ऑफिसात बारा खुर्च्या आहेत. महिन्याची ११ आणि २०, तिमाहीनंतरची २२ या जीएसटी रिटर्नच्या तारखा, म्हणून दर महिन्याच्या २५ तारखेनंतरचा पहिला शनिवार, संध्याकाळी सहा. स्वतःचा व्यवसाय करणारं कुणीही यावं, प्रत्येकाला सात मिनिटं, सांगायची एकच गोष्ट: आपली एक चूक आणि त्यानंतर काय बदललं. मराठी, हिंदी, दोन्हींची खिचडी, काहीही चालेल, व्याकरण कुणी काढणार नाही. पत्ता या सदराच्या संपादकांकडे ठेवलाय. पहिल्या शनिवारी सियागंजची गोष्ट मी सांगणार, दुसरी ती जिन्याची. दहा खुर्च्या रिकाम्या आहेत.