चिमटीतलं तेल

पिकअपचं मागचं ऑईल बदलायचं आहे, एवढं एक वाक्य मी मे महिन्यात आसेगावच्या चहाच्या टपरीवर जरा मोठ्यानं बोललो. चूक माझीच. गावात दोन गोष्टी पक्क्या होईपर्यंत फुटू देऊ नयेत: पोरीचं स्थळ आणि गाडीचं ऑईल. स्थळ फुटलं तर भावकी येते. ऑईल फुटलं तर काकाजी येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आले.

"कोनतं टाकून राह्यला?"

"नव्वद नंबर."

"नव्वद तं आडनाव झालं. नाव सांग."

मंगरूळपीरच्या दुकानात नव्वद नंबर म्हटलं की पोरगं मोबाईलवरची नजर न काढता डबा पुढे सरकवतं. काकाजींचं तसं नाही. आधी ऐंशी डब्ल्यू की पंच्याहत्तर डब्ल्यू, मग जीएल-४ की जीएल-५, मग मिनरल की सिंथेटिक, एवढी कुंडली जुळल्याशिवाय ते बोल्टला पाना लावू देत नाहीत. तुमच्याही गावात असा एक असेलच. तुमचा कदाचित खताचा असेल, मोटारपंपाचा असेल. आमचा ऑईलचा.

त्यांची सगळी विद्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत आहे. कोणतीही ओली वस्तू त्या चिमटीत घेऊन चोळल्याशिवाय ते तिच्याबद्दल बोलत नाहीत. ऑईलचं एक वेळ समजू शकतो. पण भाचीच्या लग्नात भर पंगतीत त्यांनी वरण चिमटीत घेतलं, चोळलं, उजेडाकडे धरलं आणि वाढप्याला निकाल सांगितला, "पंच्याहत्तर डब्ल्यू. वांग्याच्या भाजीत वाहून जाईन." पोहरादेवीला गेलो तेव्हा आधी समईतलं तेल चोळलं, नमस्कार मागाहून. एकदा पोटाची सोनोग्राफी करायला त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोटावर जेल लावलं मात्र, काकाजींची चिमटी तिथे पोचली. "साहेब, ग्रीस चांगलं हाय. पन बेरिंगले नाई चालनार." डॉक्टरांनी मशीन बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

बरं, माणूस अडाणी म्हणावा तर तसंही नाही. मागच्या आसावर मधोमध जो भोपळा असतो, तो कशासाठी, हे मला इंजिनियर पुतण्यानं सांगूनही कळलं नव्हतं. काकाजींनी एका वाक्यात सांगितलं. "खळ्यात पात फिरताना मेढीजवळचा बैल कमी चालते, कडेचा जास्त चालते. दोघायले सारखंच चालवलं तं पात मोडन का नाई? वळनावर चाकायचं तेच." झालं डिफरन्शल.

त्याच्या आतली गोष्ट मात्र ते सावकाश सांगतात, कारण त्यात त्यांची चिमटी रमते. पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, क्राउन या मोठ्या चाकाच्या मधोमध न बसता थोडं खाली बसतं. १९२६ साली पॅकार्ड मोटारीत हा हायपॉइड गिअर आला आणि त्यामुळे गाडीचा शाफ्ट खाली घेता आला. पण दाते एकमेकांवर दाबून घासत सरकू लागले. साधं तेल त्या दाबाखाली फाटतं, म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची जास्त मात्रा. उघडल्यावर जो सडका वास येतो तो त्या गंधकाचा. हेच तेल कंपनीनं सांगितलं नसताना गिअरबॉक्समध्ये ओतलं, तर तिथल्या सिंक्रोच्या पितळी रिंगा खराब होऊ शकतात. हे सगळं सांगताना त्यांची बोटं हवेतच चोळली जात होती.

पूर्वी अशा तेलांत स्पर्म व्हेलचं तेल घालत, हेही त्यांना कुठून तरी कळलेलं. तेवढं ठीक होतं, पण ते त्यांनी एका माळकऱ्याला त्याच्याच जुन्या जीपजवळ सांगितलं. त्या दिवसापासून तो जीपला हात लावून मग कपाळाला लावत नाही.

तर सिंथेटिक. काकाजींचा कौल पंच्याहत्तर-नव्वद सिंथेटिकला. मीही थोडं वाचून बसलो होतो. म्हटलं, डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि पंच्याहत्तरची परीक्षा उणे ४० अंशांना घेतात. ऐंशीवाल्याची उणे २६ ला. शंभर अंशांवर दोघं एकाच गटात, १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक. "काकाजी, आसेगावात उणे चाळीस कधी पडते?"

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. पारा तेव्हा अधिक चाळीसच्या वर होता.

"अन् पडलं तं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मग त्यांनाच माझी कीव आली. "थंडीसाठी नाई रे. आता तू भरल्या गाडीनं शेलूबाजारहून समृद्धीवर चढते, तासन्‌तास दामटते. हाउसिंगले हात लावून पाह्य एकदा, पोळी भाजते. मिनरल त्या उन्हानं लवकर करपते, सिंथेटिक जास्त टिकते."

हे खरं होतं. असा माणूस खरं बोलतो तेव्हा जास्त राग येतो.

एक सांगायचं राहिलं. काकाजींकडे गाडी नाही. सायकल आहे, तिच्या चेनला ते काय लावतात ते मी विचारलेलं नाही.

रविवारी ते स्वतःच डबा घेऊन आले आणि वय विसरून गाडीखाली शिरले. आधी वरचा लेव्हलचा बोल्ट ढिला केला. तो निघत नसेल तर खालचा उघडायचा नाही. जुनं तेल गेलं आणि नवं घालायला वाट नाही, अशी फजिती होते. मग खालचा काढला. त्याच्या टोकाला लोहचुंबक, त्यावर करडी चिखलाची बोंडी. काकाजींनी ती चिमटीत घेतली. चोळली. पुन्हा चोळली. एवढा वेळ त्यांनी वरणालाही दिला नव्हता.

"पीठ हाय," शेवटी म्हणाले. "दाना नाई. पीठ चालते." आणि थोडं थांबून, बोटांकडेच पाहत, "माह्या टायमाले दाने निंघाले होते."

त्यांची पिकअप मला आठवते, निळी होती. तुरीची पोती घेऊन जाताना रात्री रस्त्यातच क्राउन-पिनियन तुटलं. दुरुस्तीत हंगाम गेला, हप्ते थकले आणि गाडी उचलून नेली. ती गाडी उघडणारा मेकॅनिक मला तेव्हा बाजूला घेऊन म्हणाला की त्या हाउसिंगमध्ये चुकीचं तेल नव्हतं. तेलच नव्हतं. सील गळत होतं, आणि वर्षभर कोणी बोट घालून पाहिलं नव्हतं.

काकाजी अजून माझ्या गाडीखालीच होते. लेव्हलच्या भोकातून नवं तेल गळायला लागेपर्यंत ते निजून राहिले, मग त्यांनी भोकात तर्जनी घातली, बाहेर काढली, अंगठ्यावर चोळली आणि बोल्ट आवळला.

त्यानंतर माझी गाडी बावीस हजार किलोमीटर चालली आहे. डब्याचे पैसे काकाजींनी अजून घेतलेले नाहीत.