तुडतुड्यांनी चाखलेला चहा

आम्ही ज्या टूरबरोबर दार्जिलिंगला गेलो, तिच्या जाहिरातीत कांचनजंगा तिसऱ्या ओळीत होतं. पहिल्या ओळीत ‘रोज मराठी जेवण’ आणि दुसरीत ‘पहाटे आल्याचा चहा, हवा तितक्या वेळा’. निम्म्या लोकांनी दुसरी ओळ वाचूनच पैसे भरले असणार. उरलेल्यांचा जाहिरातीवर विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी चहा बरोबरच घेतला.

हिच्या पुण्याच्या मावशी या दुसऱ्या गटातल्या. त्यांच्या बॅगेत एक किलो ममरी, त्यात मिसळायला पाव किलो डस्ट, सुंठ-वेलदोड्याची पूड आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाळका गवती चहा असा ऐवज होता. विमानतळावरच्या जवानाने बॅग उघडून विचारलं, “माताजी, कहाँ जा रही हैं?” मावशी म्हणाल्या, “दार्जिलिंग.” तो बिचारा पुड्यांकडे आणि मावशींकडे आळीपाळीने बघत राहिला. मागची रांग खोळंबली तेव्हा कुठे त्याने चेन ओढली.

चहाबाबतचा हा कडवेपणा पुण्याच्या परंपरेला धरूनच आहे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, त्याचा बोभाटा झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तांवर येऊन थांबलं. तेव्हा चहा घेतला म्हणून लोक नावं ठेवत, आता विचारला नाही म्हणून ठेवतात. मावशींच्या लेखी चहाची व्याख्या पक्की आहे: पाणी, साखर, आलं, पावडर, दूध, आणि रंग बदामी होईतो उकळी. बाकी सगळं फुळकवणी.

टूरमध्ये दुसरे जाणकार म्हणजे आमचे रत्नागिरीचे काका. हापूसची कलमं आहेत. हंगामातली शेवटची पेटी वाशीला रवाना करून जूनच्या पहिल्या आठवड्यात ते काकूंसह थेट आमच्यात सामील झाले. पाऊस तोंडावर असताना दार्जिलिंगला कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, “आंबा संपल्यावर जाईन तिथे पाऊसच असतो. मग डोंगरावरचा तरी बघू.”

बागडोगऱ्याच्या उकाड्यातून गाडी वर चढू लागली आणि कर्सियांगच्या आसपास उतारावर चहाचे मळे दिसायला लागले. आम्ही सगळ्यांनी मोबाइल काढले, काकांनी चष्मा काढून पुसला. कंबरेएवढ्या सपाट झुडपांकडे पाहत म्हणाले, “हे झुडूप नाही रे, झाड आहे. छाटून छाटून बुटकं ठेवलंय.” आणि खरंच आहे ते. चहाला मोकळं सोडलं तर तो चांगला उंच वाढतो. बायकांचा हात शेंड्याला पोचावा म्हणून त्याला कंबरेवर रोखतात. एवढं झाल्यावर काका मोहोर, कलम आणि छाटणी यावर थेट घूमपर्यंत बोलले. शेजारून रुळांवरून 1881 सालापासून धावणारी ती चिमुकली गाडी चालली होती. तिचा वेग पाहता काकांचं व्याख्यान तिच्याआधी पोचलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे टायगर हिल. आमच्या वाट्याला शंभर टक्के धुकं आलं. 8,586 मीटर उंचीचा पर्वत समोर आहे, हे आम्ही मॅनेजरच्या शब्दावर मानलं. त्या धुक्यातून थर्मास घेतलेल्या बायका येत होत्या आणि ओरडत होत्या, “कॉफी, कॉफी!” मावशी दचकल्या. “चहाच्या डोंगरावर कॉफी?” पण थंडीपुढे तत्त्व टिकलं नाही. दोन पेले घेतले, आणि हे पुण्याला सांगायचं नाही अशी हिला ताकीद दिली.

खरी यात्रा त्यानंतर, गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या हॅपी व्हॅली या 1854 सालच्या मळ्यात. माहिती सांगणारी मुलगी नेपाळी, हिंदी फर्डं, आणि उत्तरं तयार. ती म्हणाली, खुडायची फक्त दोन पानं आणि एक कळी. अशी चार-साडेचार किलो हिरवी पानं घेतली की किलोभर चहा होतो. पाठीवर डोको, म्हणजे टोपली, त्याचा पट्टा कपाळावर, आणि पाय निसरड्या उतारावर, अशा अवस्थेत बायका दिवसभर हे करतात. मावशींनी डोकोचा पट्टा हातात घेऊन पाहिला आणि तोवर चाललेली साखरेची चौकशी थांबवली.

आत कारखान्यात पानं आधी जाळीच्या लांबलचक हौद्यांत रात्रभर कोमेजवतात, मग यंत्रात वळतात, मग पसरून ठेवतात. वळताना पान चुरगळलेलं असतं, हवा लागली की ते तांबूस होत जातं आणि त्याला वास सुटतो. हा बदल कुठे थांबवायचा यातच सगळी हुशारी. वेळ झाली की गरम हवेने कडक वाळवायचं आणि चाळण्यांतून प्रती लावायच्या. सर्वात वरच्या प्रतीचं नाव ‘एसएफटीजीएफओपी वन’. काका म्हणाले, “आमच्याकडे एवढ्या डिग्र्या फक्त डॉक्टरांच्या पाटीवर असतात.” सर्वात खाली उरते ती भुकटी, म्हणजे डस्ट. मावशींचा चेहरा खुलला. “ती कुठे मिळेल?” त्या मुलीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला चाळणीच्या तळाशी धाव घेताना पाहिलं असावं.

मावशींची ममरी मात्र इथे औषधालाही नव्हती, कारण ती निराळ्या यंत्राची. 1930 च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून, त्याचे गोळीबंद दाणे करणारी यंत्रं निघाली. दाण्याचा रंग झटपट उतरतो, चव दणकट असते आणि दुधाखाली दबत नाही. आपला सगळा उकळता संसार त्या दाण्यावर उभा आहे. आसामचं पान मोठं, मूळ तिथलंच. दार्जिलिंगचं बारीक, ते चिनी वाणाचं. 1841 साली डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल नावाच्या साहेबाने आपल्या बागेत ते बी लावून पाहिलं आणि पुढे डोंगरच्या डोंगर हिरवे झाले. “म्हणजे उपटसुंभच,” मावशी म्हणाल्या. काका तात्काळ वकिलीला उभे राहिले. “हापूस तरी कुठला? पोर्तुगिजांनी कलमं बांधली तेव्हा झाला. झाड मातीचं असतं, नाव कुणाचंही असू दे.”

मग आला किड्यांचा विषय. मुलगी म्हणाली, पहिली तोड मार्च-एप्रिलची, तिचा चहा फिकट आणि फुलासारख्या वासाचा. दुसरी मे-जूनची, ती आता चालू आहे. “सेकंड फ्लश में एक छोटा हरा कीड़ा आता है, पत्ती का रस चूसता है.” मी भाषांतराला तोंड उघडलं, तोवर काका ओरडले, “तुडतुडे!”

तुडतुडेच. जात वेगळी, खोड तीच. पान चावलं गेलं की झाड बचावासाठी सुवासिक द्रव्यं तयार करतं, आणि त्यातूनच दुसऱ्या तोडीला पिकल्या द्राक्षासारखा तो जगप्रसिद्ध ‘मस्कटेल’ वास येतो. काकांना हे पचेना. “मोहोरावर तुडतुडे आले की आम्हाला झोप नसते. फवारणीत कंबरडं मोडतं. आणि हे लोक किडा चावला म्हणून जादा पैसे घेतात?” मुलगी शांतपणे म्हणाली, “जी अंकल. नहीं आया तो टेन्शन होता है.” पुढचा अख्खा मजला काका एक शब्द बोलले नाहीत. बहुधा या हिशेबाने आपले किती लाख बुडाले ते मोजत असावेत.

त्यांची वाचा परत आली ती भौगोलिक मानांकनाचा विषय निघाल्यावर. भारतात ते पहिल्यांदा मिळालं दार्जिलिंगच्या चहाला, 2004 साली. कोकणच्या हापूसला मिळायला 2018 उजाडलं. देशाच्या एकूण चहात दार्जिलिंगचा वाटा एक टक्काही नाही, पण दार्जिलिंग म्हणून विकला जाणारा चहा बाजारात उदंड. सीमेपलीकडच्या नेपाळातला चहा इथल्या नावाने खपवतात, अशी मळेवाल्यांची तक्रार आहे. हे ऐकताच काकांनी त्या मुलीचा हात हातात घेतला. “कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत! बेटी, हम जानता है.” दोन पीडितांची अशी गाठ पडल्यावर टूरचा मॅनेजर घड्याळ दाखवून थकला.

शेवटी चव घेण्याचं टेबल. पांढरे कप ओळीने मांडलेले: कोवळ्या कळ्यांचा पांढरा चहा, हिरवा, पहिली तोड, दुसरी तोड, शरदातली तोड. पिवळसर गवती रंगापासून तांब्यापर्यंत रंग चढत गेलेले. चहा चाखायचा तो आवाज करून, घोटाबरोबर हवा आत ओढून, म्हणजे वास टाळूपर्यंत चढतो. आमच्यातली सुशिक्षित मंडळी ओठ मिटून चुळबुळत राहिली. काकांनी मात्र असा फुरका मारला की शेजारचा कप थरथरला. आयुष्यभर बशीतून चहा ओढला म्हणून घरात बोलणी खाल्लेल्या माणसाचा तो सत्काराचा क्षण होता. मुलगी म्हणाली, “परफेक्ट, अंकल.” काकूंनी नजर खिडकीबाहेरच्या धुक्याकडे वळवली.

मावशींनी पहिल्या तोडीचा कप उचलला, आत पाहिलं, तळ दिसला. “यात दूध कधी घालतात?”

“घालत नाहीत,” काका म्हणाले.

“आणि साखर?”

“अहो मावशी, असं बघा. आमरसाला पायरी. हापूस कापून खायचा. तुमची ममरी म्हणजे पायरी झाली, दूध-साखर घालून हवी तेवढी घोटा. हा हापूस आहे. याचा मिल्कशेक करणाऱ्याला मी बागेत उभा करत नाही.”

चहावर इतकं नेमकं भाष्य मी कुठल्या चहावाल्याकडून ऐकलेलं नाही. मावशींनी विचार केला, फुरका न मारता दुसऱ्या तोडीचा एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि निकाल दिला. “वास फार छान आहे. काढा म्हणून उत्तम. फक्त याला चहा म्हणू नका.”

वचपा त्यांनी घूमला काढला. तिथल्या एका छोट्या तिबेटी खाणावळीत लोणी-मिठाचा चहा मिळाला. विटेसारखा दाबलेला चहा बराच वेळ उकळायचा, लाकडी उभ्या घुसळणीत लोणी आणि मीठ घालून घुसळायचं. तिबेटच्या कोरड्या थंडीत अंगाला चरबी हवी, मीठ हवं, ऊब हवी, ते सगळं एका पेल्यात बसवलेलं. काकांनी घोट घेतला आणि त्यांच्या सिद्धांताला तडा गेला. मावशींनी नेमकी वेळ साधली. “काय हो काका, कापून खायचा ना? याचं तर चक्क लोणचं घातलंय!” काका म्हणाले, “कैरीचं लोणचं आम्हीही घालतो,” आणि निमूट पेला संपवला.

मावशींनी सार समजून पेला रिकामा केला. मालकिणीने तो लगेच भरला. पानात टाकू नये असे संस्कार, म्हणून मावशींनी तोही रिकामा केला. तिने पुन्हा भरला. तिबेटी घरात पाहुण्याचा पेला रिकामा दिसू देत नाहीत. नको असेल तर भरलेला तसाच ठेवायचा आणि निघताना संपवायचा. हे आम्हाला कळलं तेव्हा पुणेरी संस्कार आणि तिबेटी आतिथ्य यांची लढत बरीच रंगली होती. मालकीण जिंकली.

त्याच दुपारी स्टेशनाजवळच्या टपरीवर खुद्द दार्जिलिंगकर घेत होते तो चहा आम्हीही घेतला: दूध, साखर, आलं, खळखळून उकळलेला, काचेच्या पेल्यात. पावडर दाणेदार. मावशींनी न बोलता माझ्याकडे पाहिलं. जिथला चहा जगभर जातो, तिथला माणूसही पावसात भिजल्यावर ममरीच मागतो. वाळक्या गवती चहाची पुडी त्यांनी टपरीवालीला भेट दिली. ती गवताची पाती आहे, चहाच्या झाडाशी तिचं काही नातं नाही, असं मी सुचवून पाहिलं. माझा चहा त्या संध्याकाळी सगळ्यांत शेवटी आला.

तेव्हा जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. पाकिटावर तोड आणि वर्ष लिहिलेलं पाहा, टी बोर्डाचं दार्जिलिंगचं बोधचिन्ह पाहा. शंभर ग्रॅमच घ्या, कारण वास उडतो. पाणी उकळून आचेवरून उतरवा, कपाला एक चमचा पत्ती, झाकण, तीन-चार मिनिटं, की सगळा चहा गाळून घ्या. पत्ती मात्र उकळू नका. आणि दूध घालणारच असाल तर दार्जिलिंगच्या वाटेला जाऊ नका, सरळ ममरी घ्या. चहाही फक्कड होईल आणि पैसेही वाचतील.